मांडलेले पूर्वज : ‘अर्ली अमेरिकन’ दिवाणखान्याची चिकित्सा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जुन्या वस्तू जमवणाऱ्या मंडळींची घरे पाहत गेले की काही दिवसांनी एक गोष्ट ध्यानात येते. घरमालक बदलतो, गाव बदलते, पण दिवाणखाना तोच राहतो. भिंतीत विटांची रुंद चूल, तिच्यावर पाइनची जाड फळी, फळीवर कथलाच्या मंद चकाकणाऱ्या ताटल्या, एका कोपऱ्यात चरखा, खिडकीपाशी बारीक दांड्यांची विंडसर खुर्ची आणि भिंतीलगत उंच पायांवर उभे असलेले खणांचे कपाट, ज्याला तिकडे ‘हायबॉय’ म्हणतात. या मांडणीला ‘अर्ली अमेरिकन’ असे नाव आहे. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतकार किनाऱ्यावर उतरले तेव्हापासून साधारण १८३० पर्यंतच्या वस्तू तिच्यात येतात. १९३० च्या अमेरिकी आयातशुल्क कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंना ‘अँटिक’ म्हणून शुल्कमाफी दिली. हाताचे काम कुठे संपले आणि यंत्राचे कुठे सुरू झाले हे सांगायला ते वर्ष संग्राहकांनाही सोयीचे वाटले.

संग्राहकांविषयी लिहिताना दोन सोपे मार्ग नेहमी हाताशी असतात. त्यांच्या चोखंदळपणाचे कौतुक करावे, किंवा हा श्रीमंतांचा शौक आहे असे म्हणून विषय निकालात काढावा. मला दोन्ही अपुरे वाटतात. एखादी कादंबरी वाचावी तसा हा दिवाणखाना वाचता येतो. त्याला लेखक असतो, त्यात निवड असते, गाळलेला मजकूर असतो, आणि वाचकाला कुठे बसवायचे याचाही विचार असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा दिवाणखाना दिसतो अठराव्या शतकातला, पण तो लिहिला गेला १८७६ ते १९३० या काळात, आणि आपले पूर्वज कोण हे ठरवण्यासाठी लिहिला गेला. मात्र याच संग्राहकांच्या वर्तुळात वस्तू उलटी करून तपासण्याची एक शिस्त वाढली, आणि त्या शिस्तीमुळेच त्यांची गोष्ट आज आपल्याला तपासता येते. या छंदाचे मोठेपण आणि त्याची मर्यादा या एकाच ठिकाणी सापडतात.

स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात

१८७६ साली अमेरिकी स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले. कॉर्लिसचे अवाढव्य वाफेचे इंजिन हे तिथले मुख्य आकर्षण होते. त्याच आवारात ‘न्यू इंग्लंड किचन’ नावाचे एक लाकडी घरही उभारले होते. जुन्या धाटणीचे कपडे घातलेल्या बायका तिथे सूत कातून दाखवत आणि जुन्या पद्धतीचे जेवण वाढत. इंजिन आणि चरखा एकाच कुंपणात असावेत, यात मला पुढच्या सगळ्या प्रकरणाचे बीज दिसते. कारखान्याने जगणे बदलून टाकल्यावर कारखान्याआधीचे घर पाहावेसे वाटू लागले. दोन वर्षांनी क्लॅरन्स कुक या कलासमीक्षकाने ‘द हाउस ब्यूटिफुल’ या पुस्तकात जुन्या फर्निचरची बाजू घेतली. माळ्यावर टाकलेल्या खुर्च्या खाली येऊ लागल्या आणि चरखा दिवाणखान्यात जाऊन बसला. ज्या मराठी वाचकाला चरखा म्हटल्यावर सेवाग्राम आठवते, त्याला ही गोष्ट विचित्र वाटेल. तिकडे कोणाला चरखा पुन्हा चालवायचा नव्हता. तो थांबलेला आहे म्हणूनच तो शोभेचा होता.

याच काळात दुसरा एक प्रवाह सुरू झाला. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड गावचे एक डॉक्टर, आयर्व्हिंग लायन, यांनी १८९१ साली न्यू इंग्लंडच्या वसाहतकालीन फर्निचरवर ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची यादी न्यायालयात नोंदवली जाई. लायन यांनी अशा जुन्या याद्या आणि हिशेबाच्या वह्या वाचल्या. कुठल्या खोलीत काय होते आणि त्याची किंमत किती धरली होती, हे त्यांतून कळते. घरंदाज आठवणी आणि ‘ही खुर्ची मेफ्लॉवर जहाजातून आली’ अशा दंतकथा यांच्या जागी लेखी पुरावा आणण्याचे हे काम होते.

या याद्यांनी दिवाणखान्याची अडचण केली. सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडच्या घरात सर्वांत चांगला पलंग बहुधा पुढच्या मानाच्या खोलीत असे, आणि पडदे-गाद्यांसह तोच घरातला महागडा ऐवज असे. गालिचा असलाच तर तो जमिनीवर न घालता मेजावर अंथरत. अठराव्या शतकात खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असत आणि लागतील तेव्हा पुढे ओढल्या जात. विंडसर खुर्ची तीन-चार प्रकारच्या लाकडांची असल्याने ती रंगवलेली असे, आणि बऱ्याचदा हिरवी असे. आजच्या ‘अर्ली अमेरिकन’ दिवाणखान्यात पलंग नाही, गालिचा जमिनीवर आहे, खुर्च्या चुलीभोवती गप्पांना बसल्यासारख्या आहेत आणि खुर्चीचा हिरवा रंग खरवडून खालचे मधाळ लाकूड उघडे केले आहे. विसाव्या शतकातल्या माणसाला जुने जसे दिसायला हवे होते, तसे ते करून घेतले गेले.

१९२३ आणि १९२४

हे करून घेणे कोणत्या वातावरणात झाले, ते दोन वर्षांवर नजर टाकली की कळते. १९२३ साली डेलावेअरचे हेन्री फ्रान्सिस ड्यूपाँ व्हरमाँट राज्यात शेलबर्न येथे इलेक्ट्रा हॅव्हमायर वेब यांच्या घरी गेले. तिथल्या पाइनच्या मांडणीवर रचलेल्या गुलाबी इंग्लिश ताटल्यांनी त्यांना भुरळ घातली. त्याच वर्षी त्यांनी पेनसिल्व्हेनियात बनलेली, १७३७ हे साल घातलेली अक्रोडाच्या लाकडाची पेटी घेतली. पुढे त्यांच्या विंटरथर या घरात दीडशेहून अधिक खोल्या अशा वस्तूंनी भरल्या. १९२३ सालीच मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधली जुनी वेसाइड इन विकत घेतली. नोव्हेंबर १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘अमेरिकन विंग’ उघडली. जुन्या घरांतून उचलून आणलेल्या खोल्या तिथे क्रमाने मांडल्या होत्या, आणि घर कसे मांडावे याचा वस्तुपाठ म्हणून लोक त्या पाहू लागले.

याच दोन वर्षांत आणखी दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. मे १९२४ मध्ये जॉन्सन-रीड कायदा झाला. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची संख्या त्याने कोट्यात आवळली आणि आशियातल्या माणसांना जवळजवळ पूर्ण दार बंद केले. अमेरिकन विंगच्या उभारणीत पुढाकार घेणारे आर. टी. एच. हॉल्सी यांनी या खोल्यांचे प्रयोजन सांगताना, प्रजासत्ताक घडवणाऱ्यांच्या विचारांशी न जुळणाऱ्या परक्या विचारांचा धोका उघडपणे मांडला. नव्याने आलेल्यांनी या खोल्या पाहाव्यात आणि अमेरिकी व्हावे, अशी त्यामागची धारणा होती.

प्रत्येक संग्राहक हे मनात धरून खुर्ची विकत घेत होता, असे मी म्हणत नाही. बहुतेकांना रंग, रेषा आणि लाकूड यांचेच वेड होते. पण घराच्या बांधणीला ‘वसाहतकालीन’ म्हणणे आणि एका विशिष्ट वंशाला ‘मूळचे’ म्हणणे ही कामे एकाच पिढीने, एकाच वेळी केली. मी १९६५ च्या कायद्यानंतर उघडलेल्या दारातून आत आलेल्यांपैकी आहे. त्यामुळे या खोल्यांत उभी असताना त्या मला कोणाला उद्देशून सांगितल्या आहेत, हा प्रश्न टाळता येत नाही.

तीन मांडणीकार

या दिवाणखान्याचे तीन लेखक मला महत्त्वाचे वाटतात, आणि तिघांची योग्यता सारखी नाही.

पहिले वॉलेस नटिंग. हे धर्मोपदेशक होते. प्रकृती बिघडल्यावर त्यांनी ते काम सोडले आणि छायाचित्रे हाताने रंगवून विकण्याचा धंदा उभा केला. चुलीपाशी जुन्या वेशातली तरुणी, हातात विणकाम, बाजूला चरखा, अशी चित्रे मध्यमवर्गीय घरांत मोठ्या संख्येने लागली. नटिंग यांनी जुनी घरे घेतली, वस्तू जमवल्या, १९२१ मध्ये ‘फर्निचर ऑफ द पिलग्रिम सेंच्युरी’ आणि १९२८ मध्ये ‘फर्निचर ट्रेझरी’ ही पुस्तके काढली, आणि जुन्या नमुन्यांच्या नकला करण्याचा कारखानाही चालवला. त्यांचा संग्रह जे. पी. मॉर्गन यांच्या चिरंजीवांनी विकत घेऊन हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियमला दिला. हजारो छायाचित्रांचे ‘ट्रेझरी’ आजही उपयोगी आहे. पण मांडणीकार म्हणून नटिंग मला सर्वांत कमी आवडतात. त्यांच्या चित्रातली बाई कधी दमलेली दिसत नाही. ज्या चुलीवर दिवसभर लोखंडी भांडी उचलावी लागत, ती चूल तिथे निव्वळ उजेडासाठी आहे. श्रमाच्या खोलीतून श्रम काढून टाकला की उरते ती विश्रांतीची जाहिरात, आणि नटिंग यांनी ती सचोटीने विकली.

दुसरे हेन्री डेव्हिस स्लीपर. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरापाशी १९०७ पासून त्यांनी ‘बोपोर्ट’ हे घर वाढवत नेले आणि त्याच्या चाळीसएक खोल्या झाल्या. एका खोलीत पिवळसर काचेच्या जुन्या वस्तूंच्या रांगा मागून येणाऱ्या उजेडात ठेवल्या आहेत, एका खोलीत हाताने रंगवलेला चिनी भिंतकागद आहे, एक खोली अष्टकोनी आहे. असे घर अठराव्या शतकात कुठेही नव्हते, आणि स्लीपर ते लपवतही नाहीत. जुन्या दारांच्या चौकटी, मोडकी तावदाने, पडक्या घरांतले तक्ते घेऊन त्यांनी स्वतःची कल्पना बांधली. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. ऐतिहासिक कादंबरी वाचताना ही कादंबरी आहे हे आपल्याला ठाऊक असते, तसे इथे होते.

तिसरे ड्यूपाँ. त्यांनी स्लीपर यांच्याकडून पुष्कळ घेतले आणि आपल्या न्यूयॉर्कजवळच्या साउथहँप्टनच्या घरासाठी त्यांचे साहाय्यही घेतले. ड्यूपाँ यांची खरी विद्या बागेची होती. खोलीत शिरताच एखादी वस्तू डोळ्यांत भरली, तर तिची जागा चुकली आहे, असे ते मानत. ऋतूप्रमाणे पडदे बदलत आणि जेवणाच्या मेजावरची भांडी बागेतल्या फुलांच्या रंगांशी जुळवली जात. १९२९ च्या एप्रिलमध्ये रायफस्नायडर संग्रहाच्या लिलावात फिलाडेल्फियाच्या एका हायबॉयसाठी त्यांनी ४४,००० डॉलर मोजले. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट त्यांच्याविरुद्ध बोली लावत होते. १९५१ मध्ये विंटरथर संग्रहालय झाले.

विंटरथरच्या खोल्या सुंदर आहेत, याबद्दल वाद नको. पण हे सौंदर्य समरसतेचे आहे, आणि समरसतेसाठी काही गोष्टी मुरडाव्या लागतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या मोंटमोरेन्सी या मळेवाल्याच्या घरातला जिना तिथे आणला तेव्हा जागेत बसावा म्हणून त्याचा आकार बदलून घेतला. आज तो जिना विंटरथरचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे. ज्या घरातून तो आला ते गुलामांच्या श्रमावर चालणारे घर होते, हे त्या दृश्यात कुठेही येत नाही. काही डोळ्यांत भरू नये, हा नियम फुलदाणीला ठीक आहे. इतिहासाला तो लावला की खुपणारी प्रत्येक गोष्ट खोलीबाहेर जाते. ड्यूपाँ यांचे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. संग्रहालय उघडल्यावर पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, डेलावेअर विद्यापीठाच्या साहाय्याने तिथे अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या खोल्या तपासणारी माणसे घडवण्याची सोय त्यांनी आपल्याच घरात केली. फार थोडे संग्राहक असे करतात.

उलटी केलेली खुर्ची

ही तपासणी शिकवली कोणी, याचे उत्तर मोठे बोलके आहे. इस्राएल सॅक हे रशियन साम्राज्यातल्या, आजच्या लिथुआनियातल्या, कोव्हनो भागातले ज्यू सुतार. १९०३ मध्ये ते बॉस्टनला आले आणि जुने फर्निचर दुरुस्त करता करता त्याचे व्यापारी झाले. पिलग्रिम पूर्वजांचा वारसा सांगणारी घराणी खरे-खोटे ठरवण्यासाठी या परदेशी सुताराकडे येऊ लागली. ड्यूपाँ त्यांचे गिऱ्हाईक होते आणि हेन्री फोर्डही. फोर्ड यांच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’मध्ये १९२० पासून ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला चालली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवहाराचा कडवटपणा कळतो. पूर्वजांच्या खुर्चीची भाषा वंशजांना येत नव्हती. ती आदल्या दशकांत जहाजातून उतरलेल्या कारागिराला येत होती, कारण लाकडाशी त्याचे नाते हाताचे होते.

ही भाषा समजावून घेण्यासारखी आहे. कपाटाचा खण बाहेर काढून उलटा केला की तळफळीवर बोटे फिरवायची. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीवर बोटांना हलकी लाट जाणवते. करवतीच्या खुणा सरळ असतील तर काम जुने असू शकते. त्या कमानीसारख्या वळत असतील तर गोल पात्याची यांत्रिक करवत आली, म्हणजे काळ पुढे सरकला. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल सांधे हाताने कापलेले असतील तर दोन दात तंतोतंत सारखे नसतात. लाकूड रेषांना आडवे आकसते, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच्या गोल मेजाचा माथा आज मोजला तर पूर्ण गोल भरत नाही. आणि दर्शनी भाग कितीही भारी लाकडाचा असो, आतल्या फळ्या स्थानिक, स्वस्त झाडाच्या असतात. त्यांवरून वस्तू कोणत्या गावची ते ओळखता येते. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची बाजू सुताराची असते. मला यात साहित्यसमीक्षेचा चांगला धडा दिसतो : संहितेचे गाव तिच्या अलंकारांपेक्षा तिच्या आतल्या, न मिरवलेल्या फळ्यांवरून लवकर कळते.

ही विद्याही फसते, आणि फसते ती आपल्या इच्छेमुळे. सतराव्या शतकातल्या, कातीव दांड्यांनी भरलेल्या ज्या खुर्चीला ‘ब्रूस्टर चेअर’ म्हणतात, तिचे अस्सल नमुने फारच थोडे आहेत. १९६९ मध्ये ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मंड लामोंटेन यांनी तशी एक नवी खुर्ची बनवली, तिला धूर दिला, झिजवली, काही दांड्या मोडल्या आणि गुपचूप बाजारात सोडून दिली. फोर्ड यांनीच स्थापलेल्या डिअरबॉर्नच्या संग्रहालयाने पुढच्या वर्षी ती ९,००० डॉलरना घेतली. १९७७ मध्ये खुलासा झाला. लामोंटेन यांनी भोके मुद्दाम आधुनिक ड्रिलने पाडली होती. क्ष-किरणांत ती दिसली. संग्रहालयाने ती खुर्ची फेकली नाही, शिकवण्यासाठी ठेवली. आपल्याला हवा तो पूर्वज समोर आला की आपण त्याच्या पाठीमागे जाऊन पाहत नाही, हे सांगायला त्याहून चांगली वस्तू नाही.

मागच्या फळीवरही नसलेले

सॅक यांच्या मुलाने, अल्बर्ट सॅक यांनी, १९५० मध्ये ‘फाइन पॉइंट्स ऑफ फर्निचर’ हे पुस्तक लिहिले. एकाच प्रकारच्या तीन वस्तूंची छायाचित्रे शेजारी ठेवून ‘चांगली’, ‘अधिक चांगली’, ‘उत्तम’ अशी प्रतवारी त्यांनी केली. डोळा घडवायला याहून सरळ पुस्तक मी पाहिलेले नाही. पायाचा बाक दोन बोटे कमी-जास्त झाला की वस्तू कशी उभी राहते किंवा बसते, ते त्यात एका नजरेत कळते. पण ही प्रतवारी रेषेची आहे. लाकूड कोणी तोडले आणि पैसा कुठून आला, हे कोणत्याही तळफळीवर लिहिलेले नसते. म्हणून सॅक-पद्धतीला तिथे थांबावे लागते आणि पुढचे काम कागदपत्रांना करावे लागते.

एकच उदाहरण पुरेसे आहे. जून १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात न्यूपोर्टचे एक मेज-कपाट १ कोटी २१ लाख डॉलरना गेले. घेणारी पेढी इस्राएल सॅक यांचीच होती. फर्निचरला त्या वेळी जगात कोठेही एवढी किंमत मिळाली नव्हती. कोरलेल्या शिंपल्यांनी नटलेले हे महॉगनीचे मेज प्रॉव्हिडन्सचे व्यापारी निकोलस ब्राउन यांच्यासाठी १७६० च्या दशकाच्या आसपास बनले. जॉन गोडार्ड हे त्याचे कर्ते मानले जातात. महॉगनी न्यू इंग्लंडात उगवत नाही. ते जमैका, क्यूबा आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतून येई, आणि तोडणारे हात बहुतांशी गुलामांचे असत. १७६४ मध्ये निकोलस ब्राउन आणि त्यांच्या भावांनी ‘सॅली’ नावाचे जहाज आफ्रिकेला पाठवले. जहाजाने १९६ माणसे विकत घेतली. त्यांतली किमान १०९ मेली. त्या सफरीची हिशेबवही प्रॉव्हिडन्सच्या जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात आहे, आणि ब्राउन विद्यापीठाने २००६ च्या आपल्या अहवालात हा सगळा इतिहास स्वतःहून मांडला.

असे मेज हे व्यापाऱ्याचे अवजार होते : पत्रे, हुंड्या आणि हिशेब ठेवण्यासाठी केलेले. संग्राहक त्याच्यासमोर उभा राहून शिंपल्यांच्या कोरीवकामाबद्दल बोलतो, आणि ते कोरीवकाम खरोखरच अप्रतिम आहे. पण मेजाचे खण रिकामे करून मगच ते दिवाणखान्यात आणले गेले आहे. माझा आक्षेप या रिकामेपणावर आहे. मेज सुंदर आहे आणि ‘सॅली’ची वही खरी आहे. यांतले एकच सांगणारी मांडणी, मग ती कौतुकाची असो की निषेधाची, अर्धीच राहते.

गुलामीतल्या माणसांनी स्वतः बनवलेल्या वस्तू या दिवाणखान्यात उशिरा आल्या. साउथ कॅरोलायनातल्या एजफील्ड भागात डेव्हिड ड्रेक नावाचा गुलाम कुंभार होता. भाजलेल्या चकचकीत मातीचे मोठे रांजण तो घडवी. त्यांतल्या काहींत दीडशे लिटर मावत. त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा होता. तरीही ड्रेक ओल्या मातीवर आपले ‘डेव्ह’ हे नाव, तारीख आणि कधीकधी दोन ओळींची कविता कोरत असे. २०२१ मध्ये त्याचा १८५८ चा एक रांजण १५ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. मागच्या बाजूला न सापडणारा कर्ता इथे दर्शनी बाजूवरच सही करून उभा आहे. कथलाच्या ताटल्यांशेजारी असा रांजण ठेवला की सगळी खोली नव्याने वाचावी लागते, आणि तशी ती वाचू देणारा संग्राहक मला ड्यूपाँहून पुढचा वाटतो.

पलंगपोस आणि घंगाळ

या खोल्यांत आपल्याकडचेही काही आहे. जुन्या अमेरिकी पलंगांवरचे आणि खिडक्यांवरचे फुलावेलींचे कापड म्हणजे बऱ्याचदा कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगवलेली छीट. मोठ्या चादरीला इंग्रजीत ‘पॅलमपोर’ म्हणतात, आणि त्यामागे आपला ‘पलंगपोस’ आहे. अशा चादरी विंटरथरच्या संग्रहात आहेत. स्वातंत्र्यानंतर सेलम बंदराची जहाजे थेट मुंबई आणि कलकत्त्याला येऊ लागली. मुंबईत त्यांचे काम पाहणाऱ्यांत नसरवानजी माणेकजी वाडिया हे पारशी व्यापारी होते, आणि त्यांचे चित्र सेलमच्या कप्तानांच्या संग्रहात पोचले. म्हणजे ‘अर्ली अमेरिकन’ घर कधीच निव्वळ अमेरिकी नव्हते. त्याचे लाकूड कॅरिबियनमधले, भिंतकागद चिनी, ताटल्या इंग्रजी आणि छीट आपली. १९२३ च्या निकालाने ज्यांना नागरिकत्व नाकारले, त्यांच्या देशातले कापड त्याच वर्षी पूर्वजांच्या पलंगावर मानाने अंथरले जात होते.

ही टीका करताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेणारे मराठी कुटुंब इस्टेट एजंटच्या भाषेत पुष्कळदा ‘कलोनियल’च घेते. त्याच्या चुलीवरच्या फळीवर पितळी समई, पानाचा डबा, अडकित्ता आणि जमिनीवर आजोळचे तांब्याचे घंगाळ येते. ही आपली ‘न्यू इंग्लंड किचन’ आहे, आणि तिची ओढ मला समजते. परक्या गावात आपण कुठून आलो हे सांगायला वस्तूच पुढे कराव्या लागतात. पण घंगाळात सध्या वाळवलेली फुले असतात. त्यात पाणी कोणी भरले, ते कोणत्या विहिरीवरून आणले, त्या विहिरीवर कोणाला येऊ दिले जात नव्हते आणि घंगाळ घासणारीचे नाव घरात कोणाला आठवते का, हे प्रश्न निकोलस ब्राउनच्या मेजाला विचारले तसेच घंगाळालाही विचारावे लागतात. तेही खण रिकामे करूनच आणलेले आहे.

गेल्या वीसएक वर्षांत मध्यम प्रतीच्या जुन्या अमेरिकी फर्निचरचे भाव पडले आहेत. तरुण पिढीला जड, तपकिरी कपाटे नको आहेत. जुने संग्राहक याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. मला ती संधी वाटते. किंमत उतरली की प्रतिष्ठेसाठी घेणारे निघून जातात आणि वस्तू अशांच्या हाती येण्याची शक्यता वाढते, ज्यांना पूर्वज सिद्ध करायचे नाहीत. त्यांनी विंडसर खुर्चीवरचा उरलेला हिरवा रंग तसाच राहू द्यावा. पाहुण्याने खण उपसून तळफळीवर बोटे फिरवली तर त्याला फिरवू द्यावीत. लाकूड कुठून आले हे विचारले तर ठाऊक असेल ते, नकोसे असले तरी, सांगावे. सॅक नावाच्या परदेशी सुताराने पूर्वजांच्या खुर्च्या ज्या नजरेने पाहिल्या, ती नजर कोणत्याही घरात चालते, आणि ती वारशाने मिळत नसल्यामुळे आपल्यालाही शिकता येते.